लिव्हिड म्हणजे कुठला रंग

तंजावूर
१९ जुलै

अक्का,

अक्षर राजीचंच आहे, पाकीट उलटंपालटं करून बघू नकोस. तुझ्या साईप्रियाच्या लग्नात तुझ्या नणंदा माझ्या तंजावुरी मराठीला हसल्या आणि तूही पदर तोंडाला लावून त्यांच्यात हसलीस, त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहिणारही नव्हते. माझ्या जननीच्या लग्नाची पत्रिका टपालाने धाडली, तीही कोरडी. स्वतःच्या मुलीच्या लग्नात सख्ख्या बहिणीला दोन शब्द लिहिले नाहीत, इतका राग. तो अजून पोटात आहे. तो तसाच ठेवून लिहायला बसले, यावरून काय ते ओळख. आणि मी बोलते तशीच लिहिणार. हसायचं असेल तर दार लावून हस.

मला भय वाटतंय गे. एवढंच लिहून पाकीट चिकटवावं असं मघापासून वाटतंय.

नव्या नवरीने आडी महिन्यात नवऱ्याकडे राहायचं नाही, माहेरी यायचं, हे पुण्यात राहून तू विसरली नसशील. जावई विश्वेश परवा जननीला आणून सोडून गेला. कोइंबतूरचा तमिळ मुलगा. बरीच वर्षं वटक्कं, उत्तरेकडे कुठेशी, नोकरी करून आता आपल्या गावी मोठ्या कंपनीत आहे. बोलणं इतकं मऊ की सासूला 'अत्तै' म्हणताना आवाजात लोणी असतं. गल्लीतल्या बायका 'मापिळ्ळै असावा तर असा' म्हणून आपापल्या जावयांना टोमणे मारतात.

काल शुक्रवार. तेल लावून न्हाऊ घालायला जननीला मागच्या अंगणात बसवली. लहानपणी डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून अर्धी गल्ली गोळा करायची. काल गप्प. दंडावरून हात फिरवला तर अंग चोरलं. मी पदर सारला. दंडाच्या आतल्या बाजूला माणसाचा पंजा उमटला होता. मध्ये वांग्यासारखा, कडेला शिशासारखा करडा.

"कपाटाला आदळले," म्हणाली.

"कपाटाला बोटं असतात काय?"

रडली नाही, हेच मला जास्त लागलं. टॉवेल गुंडाळून घेतला आणि म्हणाली, "अम्मा, ही वॉज लिव्हिड. दॅट्स ऑल." मग फोनवरचा त्याचा निरोप दाखवला. तोही इंग्रजीत. मी लिव्हिड झालो होतो, पुन्हा असं होणार नाही. अक्का, मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं. व्याकरण शुद्ध, स्पेलिंग शुद्ध. तांबडी रेघ मारायला कुठे जागाच नव्हती.

हा शब्द हल्ली सगळे वापरतात. बस चुकली की लिव्हिड, वीज गेली की लिव्हिड. खूप चिडला, एवढाच अर्थ लोकांना ठाऊक. मुळात तो रागाचा शब्दच नव्हे. लॅटिनमधून आला तेव्हा तो रंग होता. मार बसल्यावर कातडीखाली रक्त साकळतं त्याचा, शिशाचा, प्रेताच्या ओठांचा. पुष्कळ मागाहून कोणीतरी तो रागावलेल्या माणसाच्या तोंडाला लावला. म्हणजे शब्द आधी मार खाणाऱ्याचा होता, मारणाऱ्याने नंतर उचलला. पोरीच्या दंडाकडे बघत मला हे सुचत होतं, बघ माझी अक्कल! पण भ्यालेलं माणूस हाताला लागेल ते धरून बसतं.

ह्यांना सांगितलं. माझा नवरा कसा आहे तुला माहीत आहे. सूर्यनारायण नाव, पण कोणावर तापायचं म्हणशील तर नाही. म्हणाले, "राग कोणाला येत नाही राजी? नवा संसार आहे. तू तिखटमीठ लावू नकोस."

फोन का केला नाही विचारशील. फोन मापिळ्ळैने दिलेले आहेत. लग्नात आम्हां तिघांना एकेक नवा, आणि स्वतः बसून सगळं घालून दिलं. "तुम्ही काळजी करू नका अत्तै, मी इथून बघतो." आम्हांस केवढं कौतुक! आता कळलं की तो खरंच तिथून बघतो. कोण कुठे गेलं, कोणी कोणाला फोन लावला, सगळं. म्हणून कागद.

सतरा ऑगस्टला आडी संपून आवणी लागते. त्या दिवशी तो तिला न्यायला येणार. ती त्याच्याबरोबर गेली तर पुढच्या वेळी मला काय बघावं लागेल, हे मी मनात येऊ देत नाही. तिला तुझ्याकडे ठेवशील? हो की नाही, एवढंच कळव. उत्तर अखिलाच्या नावाने टाक. माझ्याबरोबर शाळेत शिकवायला होती, ओरत्तनाडूला राहते. पत्ता मागे लिहिलाय.

राजी


तंजावूर
२८ जुलै

अक्का,

तुझं पत्र अखिलाने भाजीच्या पिशवीतून आणून दिलं. 'पाठव. मी आहे.' एवढंच लिहिलंस. मोठं पत्र लिहिलं असतंस तर मी रागावले असते, का ते विचारू नकोस. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तेरा ऑगस्टच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, तिरुच्चीहून. अखिलाने काढलं. विश्वेश यायच्या आत पोरगी तुझ्या पेठेत पोचेल. हे अजून 'बघू, बघू' करतात. रोज जेवताना आमचं यावरून वाजतं. आणि वाजतं ते त्याच्यासमोर! दुपारी तो तिकडे ऑफिसात डबा उघडतो आणि व्हिडिओ लावतो. 'एकत्र जेवल्यासारखं वाटतं अत्तै.' मग फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून आम्ही बसतो. त्याच्याशी तमिळ, आपसांत मराठी. बरं आहे बाई आपल्याला ही सोय. बाजारात भाव करताना, बसमध्ये, डॉक्टरपुढे, लहानपणापासून आपण हेच करत आलो. तंजावुरात कोणाला कळतंय? काल तर मी वांग्याची फोड वाढता वाढता त्याला 'मेल्या' म्हणून घेतलं. तो म्हणतो, "रसम छान दिसतंय अत्तै."

त्याचा राग मी आता पाहिला आहे. परवा जननी न्हायला गेली होती, फोन वाजून वाजून थांबला. ती आल्यावर त्याने परत लावला तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. चेहरा लाल नव्हता. सगळं रक्त कोणी काढून घेतल्यासारखा, ओठांभोवती राखाडी. आवाज तोच, मऊ, लाडाचा. "कुठे होतीस, कन्ना?" अक्का, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली अजून दुपारच्या माझ्याकडे येतात, पुढच्या खोलीत. त्यांना मुद्दाम तो शब्द घातला. लिव्हिड म्हणजे कुठला रंग? सगळ्या एका सुरात, "लाल, मिस." दरवर्षी लालच म्हणतात. राग म्हटला की त्यांना मिरची दिसते. मी सांगितलं, लाल नव्हे. मार लागलेल्या जागेला म्हणाल तर जांभळट निळा, आभाळाला म्हणाल तर शिशासारखा, आणि माणसाच्या तोंडाला म्हणाल तर पांढराफटक, राखेचा. कविता म्हणून एक मुलगी आहे, प्रश्न विचारल्याशिवाय जिला घास उतरत नाही. ती म्हणाली, "मिस, इतक्यांतला खरा कुठला?" मी म्हटलं, "परीक्षेत 'अत्यंत संतप्त' असेल तिथे खूण कर आणि पुढे जा." उत्तर बरोबर आहे. गुण मिळतील.

आपल्या मराठीत त्याला शब्द शोधावा लागत नाही. मारून काळानिळा केला म्हणतो आणि रागाने काळानिळा झाला असंही म्हणतो. इतकी वर्षं दोन्ही वाक्यं बोलले, शेजारी शेजारी ठेवून कधी बघितली नव्हती.

जननीचं मन अजून हलतं. म्हणते, तो वाईट नाही अम्मा, माझ्या मनातलं ओळखतो. लग्न ठरल्यावर इथे आला होता, तेव्हा ती मला चुलीपाशी म्हणाली होती की जास्वंदीच्या रंगाची साडी हवी होती. पुढच्या खेपेला त्याने तीच आणली. न सांगता! तेव्हापासून तिला त्याचं वेड.

राजी


तंजावूर
५ ऑगस्ट

अक्का,

काल अखिलाच्या फोनवरून बोलले, पण माझं एक वाक्य धड होत नव्हतं. तू 'शांत हो, नीट लिहून पाठव' म्हणालीस. लिहिते.

रविवारी आडीची अठरावी. नव्या पाण्याची पूजा, नव्या नवरीच्या गळ्यात पिवळा दोरा. आडीत नवराबायकोने भेटायचं नसतं, तरी विश्वेश सकाळीच दारात उभा, हातात मोगऱ्याचा गजरा. "नदीवर गर्दी असते अत्तै. दोघीच कशा जाणार?" आम्ही तिरुवैयारला गेलो. घाटावर तो जननीच्या मागे एक पायरी सोडून उभा, तिचं कोपर धरून. बघणाऱ्याला वाटावं, किती जपतो. मी तीनदा घालून बघितली, दोऱ्याला गाठ बसेना. शेजारची एक बाई म्हणाली, "कावेरीजवळ पोरीसाठी दीर्घ सौभाग्य मागा हो." मी काय मागितलं ते तुलाही नाही सांगायची.

घरी येऊन पानावर बसलो. मी कायरस चाखला आणि जननीला मराठीत म्हटलं, "मीठ कमी पडलं गे यात."

विश्वेशने मिठाची वाटी उचलली आणि माझ्याकडे सरकवली.

तोंडाने तो ह्यांच्याशी तमिळमध्ये क्रिकेट बोलत होता. हात आपसूक गेला. मग त्याचं त्याला कळलं असावं, कारण वाटी तशीच पुढे नेऊन त्याने स्वतःच्या पानातही चिमूटभर टाकलं. संध्याकाळी तो गेला. जननीच्या कोपराच्या वर नवा पंजा उमटला होता. नदीच्या पायऱ्यांवर, शेकडो बायकांत, हसत हसत त्याने तो उमटवला आणि ती 'आई गं' म्हणाली नाही.

मिठाचं मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू तोंड वाकडं केलं असशील, ओळखलं त्याने." जननी म्हणाली, "अम्मा, प्लीज."

म्हणून काल दुपारी मी परीक्षा घेतली. फोन बरणीला टेकवलेला, तो डबा खात होता. मी भात कालवता कालवता, मान वर न करता, ह्यांना मराठीत म्हटलं, "मापिळ्ळैच्या डाव्या खांद्यावर झुरळ बसलंय बघा, केवढं मोठं."

त्याचा हात झटकन डाव्या खांद्यावर गेला.

मी लागलीच तमिळमध्ये ओरडले, "अय्यो, खांद्यावर काहीतरी होतं हो! गेलं, गेलं." तो हसला. मीही हसले. कशी हसले ते माझं मला माहीत. ह्यांचा हात भातातच राहिला. जननी उठून मोरीकडे गेली आणि तिथून ओकारीचा आवाज आला. "जननीला बरं नाही का अत्तै?" त्याने विचारलं. काळजीने विचारलं गे, अगदी काळजीने.

कल्याणरामने हे स्थळ आणलं होतं, ह्यांचा चुलतभाऊ. हे चप्पल न घालता तसेच त्याच्याकडे गेले. "मुलगा वटक्कं होता म्हणालास. वटक्कं म्हणजे कुठे?" तो म्हणाला, "पुणे." आपल्या लोकांना तिरुपतीच्या पलीकडचं सगळं वटक्कं. आम्ही नक्षत्र विचारलं, गोत्र विचारलं, कॉफी घेतो का तेही विचारलं. गाव कोणी विचारलं नाही.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याने सगळं ऐकलं. जास्वंदीची साडी ऐकली. मेल्या ऐकलं. तेरा तारीख, तिरुच्चीचं स्टेशन, तुझं नाव, तुझी पेठ, सगळं मीच त्याच्यापुढे पानात वाढलं. आणि तो गप्प आहे. का गप्प आहे ते मला कळतंय. त्याला ती स्टेशनात, पेटीसकट सापडायला हवी आहे. मग बायको पळून चालली होती असं साऱ्या जगाला दाखवता येईल, आणि दार बंद करून पुढचं काय ते करता येईल.

म्हणून आम्ही काही बदललं नाही. पानावर बसून रोज त्याच गाडीचं बोलायचं. तेराला तो तिरुच्चीच्या स्टेशनात जाऊन उभा राहील, त्याच वेळी जननी उलट्या दिशेने ओरत्तनाडूच्या बसमध्ये चढेल. तू अखिलाकडे ये. जुन्या धर्मशाळेच्या, छत्राच्या मागचं घर, कोणीही दाखवेल. तिला पुण्याला मात्र नेऊ नकोस. कुठे नेशील ते मला सांगूही नकोस. मला ठाऊकच नसेल तर माझ्याकडून कोणी काढून घेणार नाही. मी पत्रं पुण्यालाच टाकेन, भावोजी पुढे धाडतील.

हे आता 'बघू' म्हणत नाहीत.

राजी


तंजावूर
११ ऑगस्ट

अक्का,

हे पोचेल तेव्हा तू निघालेली असशील. तरी लिहिते, कारण या घरात आता मराठीत खरं बोलायची चोरी झाली आहे. काय दशा बघ! जन्मभर गुपितं मराठीत बोललो. आता खोटं मराठीत बोलतो, आणि खरं बोलायचं तर फोन घरात ठेवून, मागच्या अंगणात, तमिळमध्ये, तेही कुजबुजत.

ह्यांना नाटक मुळीच येत नाही. कालचं ऐक. "गाडी बुधवारची ना? तिरुच्चीहूनच ना? पेटी तीच निळी ना?" स्टेशनवरच्या भोंग्यासारखे. मी पायाने डिवचलं तर दचकून पाणी सांडलं. विश्वेश हसत बघत होता. तो आम्हांला हसतो की आमच्या खेळाला, हे ओळखता येत नाही. त्याला कळलं असेल तर? हा एकच विचार घेऊन मी उठते, त्यावरच दूध उतू जातं.

आणि जननी. सकाळी म्हणाली, "अम्मा, मी त्यालाच सांगितलं तर? की मला भीती वाटते. कदाचित तो बदलेल." मी तिला रागावले नाही. रागावण्याचं बळच नव्हतं. मी तिचा हात धरून तिचं कोपर तिलाच दाखवलं. तिने बाही ओढून ते झाकलं. मग म्हणाली, "पेटीत काय भरू? ती इथेच राहणार ना?" जुन्या चादरी भर म्हटलं.

तू मात्र चुकू नकोस गे. तुझ्या त्या विमानांचा भरवसा नसतो, आदल्या दिवशीच निघाली असलीस म्हणजे बरं.

राजी


तंजावूर
१४ ऑगस्ट

अक्का,

पोरगी तुझ्याजवळ आहे. अखिलाने काल दुपारी ह्यांना फोन करून 'क्लासची चावी मिळाली' एवढंच सांगितलं. चावी मिळाली, चावी मिळाली म्हणत हे देवापुढे जाऊन उभे राहिले आणि स्तोत्र कुठलं म्हणायचं तेच विसरले.

नंतरचं तुला ठाऊक नाही, ते लिहिते. जननीला आजच सांगू नकोस.

जननी भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली, फोन घरात चार्जिंगला. निळी पेटी मधल्या सोप्यात, कूडमध्ये, दारातून दिसेल अशी. मी वर्ग रद्द केला नाही. घरात चार माणसं असू देत म्हटलं. खरं सांगू? एकटीने वाट बघायची माझी छाती नव्हती. मुली आल्या, मी फळ्यावर लिहायला लागले, आणि त्या मध्येच गप्प झाल्या. वळून बघते तर विश्वेश उंबऱ्यात. स्टेशनात वाट बघून तडक आलेला, सदरा घामाने अंगाला चिकटलेला.

"अत्तै, जननी?" तमिळमध्ये, मऊच.

"घरात नाही."

"फोन तर घरात दाखवतोय."

बोलून गेला आणि त्याचं त्याला कळलं. मग मुलींच्या मधून, चपला न काढता आत गेला. पेटी उघडल्याचा आवाज आला. चादरी फेकल्याचा आला. बाहेर आला तेव्हा चेहरा तो होता, त्या दिवशी फोनवर दिसलेला. त्याने माझं मनगट धरलं. खडू पडला. आणि अक्का, तो मराठीत बोलला. स्वच्छ, तुझ्या नणंदा बोलतात तसं.

"जननी कुठे आहे? खरं सांगा."

मनगटाचं हाड आता मोडतं असं वाटत होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "काय म्हणता मापिळ्ळै? तुमची पुण्याची मराठी आम्हांस कळत नाही."

हे वाक्य मी साईप्रियाच्या लग्नापासून तुझ्या नणंदांसाठी जपून ठेवलं होतं गे. खर्च झालं भलत्यावर.

त्याने पकड आवळली. मी ओरडले असेन, कारण हे आतून धावत आले, खांद्यावर टॉवेल, तोंडाला अर्ध्या दाढीचा साबण. माझा नवरा, ज्याने कचेरीत कधी कोणाला मोठ्याने 'का' विचारलं नाही. त्यांनी विश्वेशच्या हातावर आपला हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "हात सोडा." तमिळ नाही, मराठी. त्याच्याशी पहिल्यांदाच, तोंडावर.

मुली एकदम उभ्या राहिल्या. कविताच्या हातात फोन होता, तिने तो उंच धरला होता. "मिस, पोलिसांना बोलवते," म्हणाली. त्याने सगळ्यांकडे बघितलं. मनगट सोडलं, सदऱ्याची बाही नीट केली. जाताना उंबऱ्यात थांबून मला मराठीत म्हणाला, "पुण्यातली गल्ली न् गल्ली मला माहीत आहे अत्तै."

तो गेल्यावर बराच वेळ कोणी बसलं नाही. मग कविता हळूच म्हणाली, "मिस, त्यांचं तोंड लाल झालं नाही."

"नाही."

"तुम्ही म्हणालात तसंच झालं."

मी तिला बस म्हटलं. तिने घेतलेलं चित्रण तिने आईला दाखवलं आहे, आणि आई म्हणते आमची पोरगी साक्षीला येईल.

भय गेलेलं नाही. आज गल्लीत स्कूटर थांबली तरी मी भिंतीला लागून उभी राहते. तो पुण्याला जाईल, तुझी बेल वाजवेल, भावोजींना सांगून ठेव. तुम्ही कुठे आहात ते मला अजूनही सांगू नकोस. कधी विचारलंच तरी सांगू नकोस. मला विचारावंसं फार वाटतं.

एक कळव. जननीच्या कोपराचा रंग कुठवर आला? निघाली तेव्हा वांग्याचा जाऊन हिरवट झाला होता. हळदीसारखा पिवळा पडला असेल तर कळव. पिवळ्यानंतर आपल्या कातडीचा रंग येतो.

माझ्या मनगटावर आज पहिला रंग आहे. मघाशी हे चष्मा लावून, मनगट उजेडात धरून बघत बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शाळेचं एक अक्षर कधी विचारलं नाही. आज म्हणाले, "राजी, तू मुलींना तो शब्द सांगत होतीस, तो हाच ना?"

हाच म्हटलं.

ते उठले, इस्त्रीचा सदरा घातला. महिला पोलीस ठाण्याला जायला रिक्षा दारात उभी आहे. सांगायचं सगळं मी मनात तमिळमध्ये लावून ठेवलं आहे, पण हे म्हणतात, तू गप्प बस, आधी मी बोलणार.

राजी